परतणारे कुटुंब आधी एकच माणूस का पाठवते? मोझांबिक, सीरिया आणि शिधा बंद करण्याची वेळ

खारघरकर (खारघर)

वाशीतील आमच्या अभ्यासगटात सध्या यादवी युद्धानंतरच्या पुनर्वसनावर वाचन चालू आहे आणि पुढच्या बैठकीत विषयाची मांडणी माझ्याकडे आहे. एका प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला सापडत नाही, म्हणून तो इथे मांडते.

8 डिसेंबर 2024 रोजी सीरियातील असद राजवट कोसळल्यावर शेजारच्या देशांतील निर्वासित परतू लागले आणि सप्टेंबर 2025 पर्यंत त्यांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली. या काळात तुर्कीने एक वेगळी सवलत दिली होती. 1 जानेवारी ते 1 जुलै 2025 या सहा महिन्यांत निर्वासित कुटुंबातील एका व्यक्तीला जास्तीत जास्त तीन वेळा सीरियात जाऊन परत येता येत होते आणि त्यामुळे कुटुंबाच्या संरक्षणाला धक्का लागत नव्हता. याच्या अगदी उलट, जर्मनीसारख्या देशांत मायदेशी फेरी मारून आलेल्या निर्वासिताचे संरक्षण काढून घेण्याची कारवाई होऊ शकते. जो माणूस आपल्या गावी सुखरूप जाऊन येतो, त्याला तिथे भीती उरलेली नाही, हा त्यामागचा तर्क आहे. 1951 च्या निर्वासितविषयक करारातही, जो स्वेच्छेने मायदेशी पुन्हा स्थायिक झाला त्याचे निर्वासितपण संपते, असे कलम आहेच.

माझा प्रश्न असा आहे की, घरातला एक जण गावी गेला आहे आणि बाकीचे छावणीत शिधा घेत आहेत, अशा कुटुंबाला मदत संस्थांनी कोणत्या बाजूला मोजायचे? ही फसवणूक मानून शिधा थांबवावा, की परतीची हीच स्वाभाविक रीत आहे असे समजून नियम तिच्याभोवती आखावेत? ज्या देशांत परतीचे काम पूर्ण झाले आहे, तिथला अनुभव काय सांगतो?

शेवाबंदर (उरण)

मी न्हावा शेव्याला कस्टम क्लिअरिंगच्या कामात आहे. पूर्व आफ्रिकेकडे जाणाऱ्या मालाच्या निमित्ताने बेइरा आणि नकाला ही मोझांबिकची बंदरे रोजच्या बोलण्यात आली आणि त्या देशाविषयी वाचायची सवय लागली. आपल्या प्रश्नाला मोझांबिकइतके सविस्तर उत्तर दुसरा कोणताही देश देत नाही, असे माझे मत आहे.

25 जून 1975 रोजी पोर्तुगालपासून स्वातंत्र्य, 1977 पासून फ्रेलिमोचे सरकार आणि रेनामोचे बंडखोर यांच्यातील युद्ध, आणि 4 ऑक्टोबर 1992 रोजी रोममध्ये राष्ट्राध्यक्ष जोआकिम शिसानो व रेनामोचे अफोन्सो धलाकामा यांच्या सह्यांनी झालेला शांतता करार, असा तो कालपट आहे. करार झाला तेव्हा सुमारे 17 लाख लोक सहा शेजारी देशांत होते, त्यांतले दहा लाखांहून अधिक एकट्या मलावीत, आणि देशातल्या देशात विस्थापित झालेले अंदाजे 40 लाख वेगळेच. मलावी हा स्वतः अत्यंत गरीब देश. त्याच्या सीमेवरच्या काही जिल्ह्यांत स्थानिक लोक आणि निर्वासित यांची संख्या जवळपास बरोबरीला आली होती. 1996 च्या मध्यापर्यंत या 17 लाखांपैकी बहुतेक जण परतलेले होते.

यातले बहुसंख्य लोक संयुक्त राष्ट्रांच्या ट्रकमधून परतले नाहीत. ते चालत गेले, सायकलीवर गेले, मिळेल त्या गाडीने गेले, आणि मुख्य म्हणजे एकदम गेले नाहीत. कारण समजून घ्यायचे असेल तर तिथला हंगाम पाहावा लागतो. पाऊस साधारण नोव्हेंबरात सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो आणि मका हाताशी येतो एप्रिल-मे महिन्यांत. म्हणजे पेरणी साधायची असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरातच कोणीतरी गावी पोचून दहा-पंधरा वर्षांत माजलेले रान तोडले पाहिजे, राहण्यापुरती झोपडी उभी केली पाहिजे आणि पाणी कुठे आहे ते शोधले पाहिजे. या काळात खायला शेतातून काहीच मिळत नाही. जानेवारी ते मार्च हे महिने तर तिथे चांगल्या वर्षीही ओढाताणीचे असतात. अशा वेळी पोराबाळांना घेऊन जाणारे कुटुंब उपाशी राहिले असते. म्हणून घरचा कर्ता पुरुष किंवा थोरला मुलगा पुढे जायचा, बायको, मुले आणि म्हातारी माणसे छावणीत शिधापत्रिका सांभाळून थांबायची, आणि त्यांना मिळालेल्या मक्याच्या पिठातला थोडा वाटा सीमा ओलांडून गावी पोचायचा. पहिले पीक निघाले की उरलेले कुटुंब परतायचे. शाळेत जाणारी मुले वर्ष संपेपर्यंत मागे राहत.

यादीत नाव छावणीत आणि माणूस गावी, हे पाहून नियमावर बोट ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला ती लबाडी वाटणे समजण्यासारखे आहे. तरीही माझे मत ठाम आहे की ती लबाडी नव्हती. एका कुटुंबाने जोखीम दोन ठिकाणी विभागली होती आणि छावणीतल्या पिठानेच गावातली पहिली पेरणी उभी केली. तो शिधा घाईने तोडला असता तर पेरणीही तुटली असती.

मालाच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगतो, कारण मदतीच्या चर्चेत तिचा विचार फार कमी होतो. परतणाऱ्यांना बियाणे आणि कुदळ-कोयता यांचा संच दिला जात असे. बियाणे नोव्हेंबरच्या आधी गावात पोचले तरच त्याला अर्थ आहे, जानेवारीत पोचले तर ते फक्त धान्य. शिवाय भुकेल्या घरात दिलेले बियाणे पेरले जाण्याऐवजी शिजवले जाते. त्याला औषध लावलेले असले तर खाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून जाणती माणसे बियाण्यासोबत त्याच गाडीतून पेरणीच्या काळापुरते धान्यही पाठवतात, जेणेकरून बियाण्याला हात लागू नये. आता हे बेइरा बंदरातून झांबेझी नदीच्या पलीकडे न्यायचे तर ‘सेना’ नावाचा रेल्वेमार्ग उद्ध्वस्त, आणि साडेतीन किलोमीटरांहून लांब असलेला दोना आना पूल युद्धात उडवलेला. तो 1995 मध्ये वाहनांसाठी दुरुस्त झाला, म्हणजे परतीची लाट मध्यावर आल्यानंतर. बंदरात एखादा माल आठवडाभर अडकला तर आम्ही डेमरेजचा, म्हणजे उशिराच्या आकाराचा, हिशेब करतो. तिथे तेवढ्याच उशिराने एका घराचे अख्खे वर्ष जाऊ शकत होते.

येऊर (ठाणे)

मी लष्कराच्या अभियंता विभागातून निवृत्त झालो असून सध्या घोडबंदर रस्त्याला राहतो. मोझांबिकमध्ये डिसेंबर 1992 ते डिसेंबर 1994 या काळात संयुक्त राष्ट्रांची जी शांतिसेना होती, तिच्यात भारताच्या अभियंता आणि पुरवठा तुकड्या होत्या, हे इथल्या वाचकांना माहीत असावे म्हणून नमूद करतो. मी स्वतः त्यांत नव्हतो, पण माझ्या पेशातल्या माणसाला त्या देशाचा अभ्यास टाळता येत नाही.

शेवाबंदर यांनी हंगामाचा मुद्दा मांडला, त्याला सुरुंगांची जोड द्यावी लागेल. युद्धानंतर त्या देशात वीस लाख सुरुंग असल्याचे बोलले जात होते. 17 सप्टेंबर 2015 रोजी देश सुरुंगमुक्त जाहीर झाला, तोवर प्रत्यक्षात निघालेले सुरुंग दोन लाखांच्या आसपास होते. आकडा दहापटीने फुगलेला होता म्हणून धोका खोटा होता, असा अर्थ कोणी काढू नये. सुरुंग कुठे नाहीत हे कोणालाच ठाऊक नसते, आणि शेतकऱ्याची अडचण नेमकी तीच असते. एका विहिरीच्या वाटेवर दोन सुरुंग असल्याची वदंता पसरली की ती विहीर, तिच्याभोवतीची सगळी शेते आणि पलीकडच्या गावाचा रस्ता, सारेच बंद होते. सुरुंग पेरले गेले ते पुलांच्या पायथ्याशी, काहोरा बासा धरणावरून निघणाऱ्या वीजवाहिनीच्या मनोऱ्यांभोवती, रेल्वेमार्गाच्या कडेने आणि लष्करी ठाण्यांभोवती. नकाशे क्वचितच ठेवलेले होते. आणि जे होते त्यांवर विसंबणे धोक्याचे, कारण पुरात सुरुंग सरकतात.

संयुक्त राष्ट्रांचे रस्ते साफ करण्याचे काम निविदा आणि करार यांच्या घोळात इतके रेंगाळले की ते मार्गी लागायला 1994 चा मध्य उजाडला. तोपर्यंत लाखो लोक त्याच रस्त्यांवरून घरी गेलेले होते. त्यांना वाट दाखवली ती युद्धकाळात गावातच राहिलेल्या लोकांनी. कोणत्या झाडापाशी गाय मेली, कोणत्या पायवाटेने सैनिकही जात नसत, कुठे फांदी आडवी टाकून ठेवली आहे, ही माहिती त्यांच्याकडे होती आणि दहा वर्षे मलावीत काढलेल्या माणसाकडे ती नव्हती. पुढे आलेला एकटा माणूस शेत साफ करत असतानाच ही माहितीही गोळा करत असे. सगळे कुटुंब एकदम उतरले असते तर लहान मुले सरपणासाठी पहिल्याच दिवशी रानात शिरली असती. म्हणून तुर्कीने दिलेल्या तीन फेऱ्यांच्या सवलतीकडे मी सुरक्षेचा उपाय म्हणून पाहतो. सीरियात आज सुरुंगांच्या जोडीला न फुटलेले तोफगोळे आणि क्लस्टर बॉम्बही आहेत, आणि ते शेतांइतकेच पडक्या घरांतही आहेत. आधी एकाने जाऊन पाहणे तिथे अधिकच आवश्यक आहे.

लालचक्की (उल्हासनगर)

वरची चर्चा मी आस्थेने वाचली, मात्र तिच्यात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे ती मला खटकते. सगळ्यांना परतायचेच आहे आणि प्रश्न फक्त केव्हा व कसे एवढाच आहे, असा सूर लावून बोलले जात आहे.

आमचे कुटुंब सिंधमधून आलेले. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर निर्वासितांना ठेवले गेले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही इथे पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगावा लागतो. सुरुवातीची काही वर्षे वडीलधारी माणसे घराच्या किल्ल्या जपून होती, असे लहानपणापासून ऐकत आलो. परत जाणे शक्य नाही हे उघड झाल्यावर त्यांना ज्या गोष्टीने उभे केले ती म्हणजे 1954 चा विस्थापितांना नुकसानभरपाई आणि पुनर्वसन देणारा कायदा. मागे राहिलेल्या मालमत्तेचा दावा लावता आला, तो अपुरा का असेना मान्य झाला, आणि इथे दुकान टाकता आले.

मोझांबिकचेच उदाहरण घ्यायचे तर दक्षिण आफ्रिकेत गेलेल्यांपैकी संघटित परतीत फार थोडे लोक सहभागी झाले. बाकीच्यांनी तिथेच काम आणि संसार मांडला होता, आणि पुढे त्या देशाने जुन्या मोझांबिकी निर्वासितांना कायम वास्तव्याची संधी देऊ केली. एक माणूस गावी जाऊन पाहून येतो आणि घरच्यांना सांगतो की तिथे आपले काही उरलेले नाही, हेही त्या फेरीचे प्रामाणिक फलित असू शकते. जाऊन पाहण्याची मुभा देऊन, त्यानंतर न परतण्याचा निर्णय घेणाऱ्याचा शिधा निम्मा करायचा, असे झाले तर ती परती स्वेच्छेची म्हणता येणार नाही.

खारघरकर

लालचक्की, आपला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे आणि मांडणीत तो मी ठळकपणे घेईन. येऊर सर, गावात राहिलेल्यांच्या माहितीचा मुद्दा मी कुठेच वाचला नव्हता.

यातूनच पुढचा प्रश्न येतो. पुढे गेलेल्या माणसाला त्याची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात दिसली तर काय? कागद जळालेले, गावचा मुखिया मेलेला किंवा पळालेला, आणि शेतात भलतेच कुटुंब राबत असलेले. मदत संस्था पीठ देऊ शकतात, पण जमीन कोण देणार?

गाढीकाठ (पनवेल)

मी पनवेलला जमिनीच्या दाव्यांची वकिली करतो, त्यामुळे याच प्रश्नावर लिहितो.

मोझांबिकमध्ये जमीन राज्याच्या मालकीची आहे आणि नागरिकाला तिच्या वापराचा हक्क असतो. शांतता करारानंतरच्या वर्षांत खरा धोका शेजाऱ्यापासून नव्हता. गावातल्या गावात ताबा कोणाचा, हे बहुतेक ठिकाणी वडीलधाऱ्यांनी आणि पारंपरिक मुखियांनी बसून मिटवले, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. धोका होता तो राजधानीतून वाटल्या गेलेल्या मोठमोठ्या सवलतपट्ट्यांचा. कसणारे छावणीत असताना त्यांची शेते रिकामी समजून ती व्यापारी शेती, लाकूडतोड आणि शिकारखान्यांसाठी दिली जात होती. शेतकरी संघटनांनी आणि अभ्यासकांनी याविरुद्ध मोठे रान उठवले आणि त्यातून 1997 चा जमीन कायदा आला. त्या कायद्याने परंपरेनुसार कसणाऱ्याचा हक्क नोंदणीशिवायही मान्य केला, सद्भावनेने दहा वर्षे कसलेल्या जमिनीवरही हक्क दिला, आणि हक्काच्या पुराव्यासाठी शेजाऱ्यांची तोंडी साक्ष ग्राह्य ठरवली. स्त्री आणि पुरुष यांचा हक्कही बरोबरीचा ठेवला.

तोंडी साक्षीचे मोल मला आमच्या पनवेल-उरण पट्ट्यातल्या कामामुळे नीट कळते. साडेबारा टक्के योजनेतल्या, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देण्याच्या, कित्येक प्रकरणांत, कोण कुठे कसत होते हे सगळ्या गावाला ठाऊक असते आणि तरीही सातबाऱ्यावर वारसाची नोंद नाही म्हणून म्हाताऱ्या बाईला वर्षानुवर्षे थांबावे लागते. युद्धातून आलेल्या देशाने कागदाच्या आधी माणसाची साक्ष ठेवली, हा मला त्या कायद्याचा सर्वांत मानवी भाग वाटतो.

मात्र बरोबरीचा हक्क कायद्यात लिहिल्याने विधवेला शेत मिळतेच असे नाही. देशाच्या दक्षिणेत वारसा पित्याकडून जातो. तिथे नवरा युद्धात गेलेल्या बाईला सासरच्यांच्या मर्जीवर शेत मिळत असे, आणि दीर आधी परतला असेल तर मिळतही नसे. उत्तरेकडे आणि तेते प्रांताच्या काही भागांत वारसा आईच्या बाजूने चालतो, तिथे चित्र बरेच वेगळे होते. ज्या कुटुंबात पुढे पाठवायला पुरुषच उरलेला नाही, त्याने काय करायचे, हा प्रश्न शेवाबंदर यांच्या वर्णनात सुटून गेला आहे आणि मदतीची पहिली गरज त्याच घराला होती.

बोस्नियाने दुसरा मार्ग धरला. 14 डिसेंबर 1995 रोजी पॅरिसमध्ये सही झालेल्या, तिथले युद्ध संपवणाऱ्या डेटन कराराच्या सातव्या परिशिष्टाने प्रत्येकाला युद्धापूर्वीच्या त्याच घरी परतण्याचा हक्क दिला. सुरुवातीची काही वर्षे स्थानिक अधिकाऱ्यांनी तो हक्क कागदावरच ठेवला, कारण त्या घरांमध्ये त्यांनी आपल्या बाजूचे विस्थापित बसवले होते. 1999 मध्ये, कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधीने मालमत्तेचे कायदे वरून लागू केले आणि दावे ठरलेल्या क्रमाने निकाली काढायला लावले, तेव्हा सुमारे दोन लाख दाव्यांचा निकाल लागला. घर परत मिळालेल्या अनेकांनी ते विकले आणि ते आपल्या समाजाच्या वस्तीत राहायला गेले. लालचक्की यांच्या मुद्द्याला हे पूरक आहे. घर परत मिळणे आणि घरी परतणे हे दोन वेगळे हक्क मानले, म्हणून त्या लोकांच्या हाती न परतण्यासाठीही काही भांडवल आले.

सीरियाच्या बाबतीत 2018 चा कायदा क्रमांक 10 आपण मांडणीत जरूर घ्यावा. पुनर्विकासासाठी जाहीर झालेल्या क्षेत्रात मालकांनी ठरावीक मुदतीत हक्क सिद्ध करावा, अशी त्यात अट होती. मुदत आधी अवघी तीस दिवसांची होती, ती पुढे वर्षभराची झाली. परदेशात छावणीत असलेल्या माणसाने ती कशी पाळावी, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

शेवाबंदर

गाढीकाठ यांनी विधवांच्या कुटुंबांविषयी लिहिले ते योग्यच आहे, त्यांच्यासाठी रान तोडण्याची मजुरी आणि झोपडीचे साहित्य थेट द्यावे लागते. मोझांबिकमध्ये परतीच्या भागांत लहान लहान कामांचे बरेच प्रकल्प घेतले गेले, त्यांत विहिरी, शाळेच्या खोल्या, दवाखाने, पायपूल अशी कामे होती. त्यांचा लाभ परतलेल्यांना आणि राहिलेल्यांना सारखाच मिळत होता, म्हणून हेवेदावे कमी झाले. उणीव राहिली ती पुढच्या खर्चाची. खोली बांधून झाली, पण शिक्षकाचा पगार देणारे खाते नव्हते, अशी ठिकाणे कितीतरी होती.

सैनिकांना दिलेली मदत मात्र अधिक विचारपूर्वक दिली गेली, असे मला वाटते. दोन्ही बाजूंच्या सुमारे 90,000 सैनिकांना शस्त्रे खाली ठेवल्यावर एकरकमी पैसे दिले नाहीत. दोन वर्षे, ते ज्या जिल्ह्यात राहायला गेले तिथल्या बँकेच्या शाखेतून, हप्त्याहप्त्याने रक्कम मिळत राहिली. दोन वर्षे म्हणजे दोन पिके. निर्वासितांच्या शिध्यालाही हाच हिशेब लावायला हवा होता. कोणी सीमा ओलांडली त्या दिवशी नाव काढायचे नाही, पहिले पीक येईपर्यंत छावणीतल्या माणसांचा शिधा पूर्ण ठेवायचा, आणि दुसऱ्या पिकापर्यंत गावातल्या घराला अर्धा द्यायचा.

खारघरकर, आपल्या मूळ प्रश्नावर माझे उत्तर असे की कुटुंबाला कोणत्याही एका बाजूला मोजू नये. शिधापत्रिकेवर किती माणसे छावणीत आणि किती गावी, अशा दोन नोंदी ठेवायची सोय करावी आणि खरे सांगितल्याबद्दल कोणाचे नाव कापू नये. खरी माहिती दिली तर शिधा जातो, हे एकदा लोकांना कळले की कोणी खरे सांगत नाही, आणि मग कोणत्या गावात किती माणसे पोचली आहेत हेच कळत नसल्यामुळे ऑक्टोबरात बियाण्याच्या किती गोण्या कुठे उतरवायच्या हे गोदामातल्या माणसाला ठरवता येत नाही.